चिप नंतर, आधी ग्राउंड: किनाऱ्यावर बॅटरीचा डॅक बांधताना

प्रश्न थोडक्यात असा. घर देवगडजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाणी लॅपटॉपवर, अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनी प्लगचा, आणि या दोघांमधला डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र, स्वतः बांधायचा आहे. टीडीए१५४१ए, ईएस९०३८क्यू२एम, एके४४९३ यांपैकी कोणती चिप घ्यावी? आणि सगळं बॅटरीवर चालवलं तर आवाज खरंच सुधारतो की ती नुसती बोलवा आहे?

बॅटरीने आवाज सुधारतो, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणाने नाही. आणि चिप हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ग्राउंड (सर्किटची सामायिक शून्य-व्होल्टची वाट) कुठून कुठे जातं हा, दुसरा चिपच्या रेफरन्स पिनला, म्हणजे जिच्या व्होल्टेजच्या मापाने चिप आउटपुट ठरवते तिला, काय पाजता हा. हे दोन सुटले की वर लिहिलेल्या तिन्ही चिपांतून उत्तम यंत्र होतं. ते सुटले नाहीत तर कितीही महाग चिप आणा, मागे गुणगुण राहणारच.

आधी आकड्यांचा हिशोब करू, म्हणजे कुठे डोकं लावायचं ते कळेल. डॅकचं आउटपुट २ व्होल्ट धरा. त्याच्या १२० डेसिबल खाली म्हणजे २ मायक्रोव्होल्ट. साधा १ किलोओहमचा रेझिस्टर नुसता टेबलावर ठेवला तरी २० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा जास्त आवाज स्वतःच करतो. म्हणजे गोंगाट १३० डेसिबल खाली ठेवणारी चिप घेऊन पुढे तीनचार किलोओहमचे रेझिस्टर टाकले की वरचे डेसिबल कागदावरच राहिले. आणि खोलीचं काय? आषाढात मंगलोरी कौलांवर पाऊस कोसळत असताना १२० आणि १३० डेसिबलमधला फरक कुणाच्या कानाला कळतो, ते ज्याने त्याने ठरवावं. अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारी गुणगुण मात्र रात्री अकरा वाजता, पाऊस थांबला की, स्पष्ट ऐकू येते.

ती येते कुठून? लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. रेडिओत खरखर जाऊ नये म्हणून तो घालावाच लागतो. त्यातून अगदी थोडा करंट सतत पाझरतो. दोन पिनी चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवलं की जी बारीक झिणझिण लागते ती हीच. हा करंट यूएसबीच्या वायरच्या जाळीतून डॅकमध्ये, तिथून आरसीए या ऑडिओ वायरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि तीन पिनी प्लगमधून अर्थिंगला जातो. आरसीएची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे जाळीच्या रोधावर पडलेला प्रत्येक मायक्रोव्होल्ट गाण्यात मिसळतो.

त्यात कोकणचं अर्थिंग. जांभ्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात बरा असतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. मार्च ते मे त्यातला कोळसा-मीठ कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती दाखवतो ते बघा. एकदोन व्होल्ट चालतील. त्याहून बरंच जास्त, आणि फ्रिज चालू झाल्यावर हलणारं असेल, तर आधी वायरमनला बोलवा आणि खड्ड्यात पाणी घाला. हा खर्च कुठल्याही चिपपेक्षा कमी आहे. गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. दमट हवेत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन बसलं तर डबा जिवंत होतो, आणि फरशीवर ओले पाय ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

गुणगुण कुणाची, ते दहा मिनिटांत ठरतं. डॅकची वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरचं इनपुट शॉर्ट करा. गुणगुण तशीच असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा, डॅकवर पैसे घालू नका. शांत झाली तर वायर परत जोडा, गाणं न लावता लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. आता शांत झाली तर दोषी चार्जर. माउस हलवला की बारीक किरकिर, पडदा खाली-वर सरकवला की चिरचिर, असा आवाज असेल तर तो यूएसबीच्या ५ व्होल्टमधून आणि ग्राउंडमधून येतोय.

आता बॅटरीकडे. बॅटरीने एकच गोष्ट घडते: डॅकला भिंतीशी बांधणारी एक दोरी तुटते. पण यूएसबी ही दुसरी दोरी आहे, आरसीए तिसरी. बॅटरी लावून यूएसबी तशीच ठेवली तर चार्जरचा करंट पूर्वीच्याच वाटेने जातो, आणि मग लोक म्हणतात की बॅटरीने काही फरक पडला नाही. बरोबरच म्हणतात. म्हणून यूएसबीकडची दोरी तोडायलाच हवी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ऑप्टिकल वायर. त्यातून फक्त उजेड जातो, आणि ९६ किलोहर्ट्‌झपर्यंत ती निर्धोक चालते. यूएसबीच हवी असेल तर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारी पण विजेची थेट जोडणी तोडणारी चिप, लागतो. एडीयूएम४१६० हा जुना आयसोलेटर १२ मेगाबिटवरच चालतो. २४ बिट ९६ किलोहर्ट्‌झला तो पुरतो, त्यापुढे नाही. ४८० मेगाबिटसाठी एडीयूएम४१६५ च्या जातीचा हवा.

तिसरा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. यूएसबीचा रिसीव्हर बोर्ड लॅपटॉपच्याच ५ व्होल्टवर, ‘मळक्या’ बाजूला ठेवायचा आणि त्यातून निघणाऱ्या आय-टू-एसच्या (डॅक चिपकडे डिजिटल आवाज नेणाऱ्या) तीन तारा डिजिटल आयसोलेटरमधून स्वच्छ बाजूला न्यायच्या. यात दोन फायदे. रिसीव्हर पाव अँपिअरच्या घरात करंट खातो, तो बॅटरीवर पडत नाही. आणि क्लॉक, म्हणजे चिपला ठोके देणारा ऑसिलेटर, स्वच्छ बाजूला, डॅक चिपच्या शेजारी ठेवता येतो. आयसोलेटरमधून आलेल्या कडा थोड्या थरथरतात, त्यामुळे पलीकडे त्याच क्लॉकने त्या पुन्हा सरळ करून घ्यायच्या. क्लॉक मळक्या बाजूला ठेवून त्याची घडी आयसोलेटरमधून पाठवली तर ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला तेच घालवलं.

आता चिपा.

टीडीए१५४१ए ही फिलिप्सची १६ बिटची, १९८०च्या दशकातली चिप. तिच्या आवाजाबद्दल भक्तिभावाने बोललं जातं आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण बॅटरीवाल्याने आधी तिचा स्वयंपाक बघावा: अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ व्होल्ट, मिळून सुमारे ७०० मिलिवॉट. म्हणजे लोहफॉस्फेटचे (लिथियम सेलचा एक प्रकार, सेलमागे ३.२ व्होल्ट) दोन, दोन आणि पाच असे नऊ सेल नुसत्या चिपसाठी, तीन वेगळे चार्जर, आणि भोवती १४ डिकपलिंग कपॅसिटर जे पिनेला चिकटूनच बसले पाहिजेत. ओव्हरसॅम्पलिंगशिवाय (नमुन्यांच्या मधले जादा नमुने न भरता) चालवली तर १० किलोहर्ट्‌झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्‌झला ३.२ डेसिबल कमी मिळतात. ज्याला लोक ‘मऊ’ आवाज म्हणतात त्यातला मोठा भाग हा उतार आहे. ही चिप आता बनत नाही, त्यामुळे बाजारात जे ‘मुकुट छापाचे’ (निवडक प्रतीचे म्हणून विकले जाणारे) नग येतात त्यांत घासून पुन्हा छापलेले बरेच. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा. छपाई उतरली, किंवा एक नंबरच्या पिनेजवळचा खळगा अर्धवट भरलेला दिसला, तर परत करा. आखातातून आलेला एखादा जुना सीडी प्लेअर कुणाच्या माळ्यावर बंद पडलेला असेल तर तो उघडून बघणं जास्त शहाणपणाचं. त्यात निघाली तर ती खरी असते.

पीसीएम१७९४ए मला मनापासून आवडते. पिनांमध्ये ०.६५ मिलिमीटर अंतर, म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नने हाताने डाग देता येतो. मायक्रोकंट्रोलर लागत नाही. चिपला ५ आणि ३.३ व्होल्ट पुरतात. खोच पुढे आहे. तिचं आउटपुट करंटमध्ये असतं, शांततेतही उणे ६.२ मिलिअँपिअर वाहत असतं, आणि पूर्ण आवाजाला ते उणे १०.१ पर्यंत जातं. डेटाशीटमधला ७५० ओहमचा रेझिस्टर वापरला तर ऑपअँपचं (त्या करंटचं व्होल्टेज करणाऱ्या चिपचं) आउटपुट साडेसात व्होल्टपर्यंत चढतं. अधिक-उणे ६.४ व्होल्टच्या पॅकवर ते कापलं जाणार, आणि मोठ्या आवाजाला वाद्यं किरटी होणार. म्हणून एकतर दोन्ही बाजूंना चार-चार सेल, किंवा रेझिस्टर ३०० ओहमवर आणून पुढे गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणं. दुसऱ्या उपायात गोंगाटही वाढतो.

ईएस९०३८क्यू२एम बॅटरीसाठी सोयीची. ३.३ व्होल्ट, चिपचा स्वतःचा खर्च शंभर मिलिवॉटच्या आतच, १२९ डेसिबल. अट एकच, आणि ती कडक आहे: एव्हीसीसी पिनेवर जे येईल ते थेट आउटपुटमध्ये उतरतं, कारण ती पीन हाच तिचा रेफरन्स. इथे एक फसवी गोष्ट आहे. गाणं बंद असताना एव्हीसीसीवरचा गोंगाट दोन्ही आउटपुट पिनांवर सारखाच असतो आणि पुढच्या डिफरन्शियल पायरीत वजा होतो. स्पीकरला कान लावला की सगळं शांत. गाणं सुरू झालं की तोच गोंगाट सिग्नलशी गुणला जातो आणि वजा होत नाही. म्हणून ‘माझ्याकडे काहीच खरखर येत नाही, मग सप्लाय चांगला असणार’ हा निष्कर्ष या जातीच्या चिपला लागू नाही. तयार स्वस्त बोर्डांवर एव्हीसीसीला साधा तीन पायांचा रेग्युलेटर असतो आणि तोच डिजिटल बाजूलाही वाटलेला असतो. त्या बोर्डाला बाहेरून कितीही सेल जोडले तरी आत काही बदलत नाही.

एके४४९३ चं आउटपुट व्होल्टेजमध्ये, त्यामुळे पुढचं सर्किट लहान. तिच्या रेफरन्स पिनेचा करंट गाण्याबरोबर हलतो. तिथे मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्याला जवळून छोटा सिरॅमिक, एवढं नीट केलं की झालं. ही चिप बनवणाऱ्या असाही कासेई कंपनीच्या जपानमधल्या नोबेओका इथल्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली आणि तिच्या ऑडिओ चिपा बाजारातून जवळजवळ गायब झाल्या. कित्येक नामांकित डॅकची पुढची आवृत्ती दुसऱ्या कंपनीच्या चिपेवर आली ती आवाज जास्त आवडला म्हणून नव्हे, चिप मिळेना म्हणून. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

सीएस४३१९८ ही बॅटरीचीच चिप आहे, २६ मिलिवॉटमध्ये १३० डेसिबल. फोनला लावायच्या बोटाएवढ्या डॅकमध्ये ती असते. पण तिच्या पिना पोटाखाली, हॉट एअरशिवाय (गरम हवेने डाग देणाऱ्या यंत्राशिवाय) लागत नाही, आणि पहिल्याच प्रयत्नात ती लावायला जाऊ नये. हात बसवायचा असेल तर पीसीएम५१०२ए चा जांभळा बोर्ड काहीशे रुपयांत येतो. त्याच्या पाठीवरचे चार सोल्डर जंपर आणि एससीके (सिस्टिम क्लॉकची) पीन ग्राउंडला, एवढं तपासा. म्यूटचा जंपर चुकीच्या बाजूला असला तर बोर्ड पूर्ण मुका राहतो, एससीके मोकळी राहिली तर खरखरतो, आणि लोक चांगला बोर्ड फेकून देतात.

वेगवेगळ्या रेझिस्टरांची शिडी बांधून डॅक करण्याचा मोह अनेकांना होतो. १६ बिटच्या सर्वांत वरच्या पायरीला अर्ध्या बिटापर्यंत खरं राहायचं तर ०.००१५ टक्क्यांच्या आत बसावं लागतं. बाजारातला महाग रेझिस्टर ०.०१ टक्क्याचा. हिशोब तुम्हीच करा.

तुमच्यासाठी मी ईएस९०३८क्यू२एम धरून चालतो, कारण ती कमी व्होल्टवर भागते. आता सेल.

लोहफॉस्फेटचा सेल घ्या. साधा लिथियम आयन ४.२ व्होल्टवरून ३ वर उतरतो, हा मात्र ३.३ ते ३.२ च्या सपाट माळावर बहुतेक आयुष्य काढतो, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतही तुलनेने शांत राहतो. चांगल्या २६६५० सेलचा आतला रोध १० मिलिओहमच्या आसपास असतो. सौर दिव्यांसाठी मिळणारे ३२६५० सेल, ६ अँपिअर-तासांचे, या कामाला उत्तम. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल इथे नकोत. सीलबंद लेड-अ‍ॅसिड जड, आणि बंद डब्यात तिचं फ्लोट (चार्जर सतत जोडून ठेवलेलं) चार्जिंग नकोच.

‘एकच सेल ३.३ व्होल्टचा आहे, तर थेट एव्हीसीसीला जोडू का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. जोडता येतो, पण दोन सावधगिरी. चार्जरवरून नुकताच काढलेला सेल ३.६ व्होल्टवर असतो आणि ते चिपला जास्त आहे. तासभर थांबून, थोडा भार देऊन ३.४ च्या खाली आल्यावरच जोडायचा. ३.३५ वरून ३.२ पर्यंत उतरताना आवाज ०.४ डेसिबल कमी होतो, तोही कित्येक तासांत आणि दोन्ही कानांना सारखाच, त्यामुळे त्याची चिंता नको. खरी अडचण वायरची. सेलपासून चिपपर्यंत जाऊन-येऊन २० सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण ०.२ मायक्रोहेन्री. १० मेगाहर्ट्‌झला तिचा अडथळा १२ ओहम होतो. सेलचे १० मिलिओहम गेले कुठल्या कुठे! चिपला तिच्या क्लॉकच्या वेगाने करंटचे घोट लागतात आणि ते शेजारचा कपॅसिटरच देऊ शकतो. म्हणून ‘बॅटरी आहे, कपॅसिटर कशाला’ असं म्हणून बोर्ड मोकळा ठेवणाऱ्यांचे डॅक मेन्सवरच्या डॅकपेक्षा वाईट वाजतात.

मी दोन सेलांचा ६.४ व्होल्टचा पॅक आणि पुढे एलटी३०४५ हा शांत रेग्युलेटर सुचवेन. त्याचा गोंगाट १० हर्ट्‌झ ते १०० किलोहर्ट्‌झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट. व्होल्टेज एका रेझिस्टरने ठरतं: सेट पिनेतून १०० मायक्रोअँपिअर निघतात, म्हणून ३३.२ किलोओहमला ३.३२ व्होल्ट, ४९.९ किलोओहमला ४.९९. सेट पिनेवर ४.७ मायक्रोफॅरड, आउटपुटला किमान १० मायक्रोफॅरड सिरॅमिक. जलद सुरुवातीची जोडणी केली नसेल तर हा सप्लाय पूर्ण चढायला सेकंदभर लागतो, म्हणून चिपची रीसेट पीन तोवर धरून ठेवा, नाहीतर दर तिसऱ्या वेळेला ती अर्धवट जागी होईल. एव्हीसीसीला एक स्वतंत्र, डिजिटल ३.३ ला दुसरा, क्लॉकला तिसरा. यात काटकसर करू नका, करायची तर डब्यात करा.

ऑपअँपला अधिक-उणे ५ व्होल्ट: धन बाजूला आणखी एक एलटी३०४५, ऋण बाजूला एलटी३०९४ (त्याचाच ऋण व्होल्टेजचा भाऊ) आणि दुसरा दोन सेलांचा पॅक. तीन ओपीए१६१२ मध्ये सहा ऑपअँप, प्रत्येकी ३.६ मिलिअँपिअर, म्हणजे दोन्ही बाजूंना २२ मिलिअँपिअर. धन बाजूवर त्याशिवाय चिप, क्लॉक आणि आयसोलेटरची स्वच्छ बाजू. एकूण १०० मिलिअँपिअर धरून चाला आणि नंतर मल्टिमीटरने मोजा. ३ अँपिअर-तासांच्या सेलातले ८० टक्के वापरले तर धन पॅक २४ तास चालतो आणि ऋण पॅक चार दिवसांहून जास्त. म्हणजे धन बाजू आधी संपणार हे ठरलेलंच. तिथे ६ अँपिअर-तासांचे ३२६५० लावा, तरी आधी तीच संपेल.

आणि इथेच स्पीकर जळतात. एका पॅकच्या संरक्षण बोर्डाने करंट तोडला आणि दुसरा चालू राहिला, की ऑपअँपचं आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं. सलग चारपाच व्होल्ट डीसी अ‍ॅम्प्लिफायरला मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला कपॅसिटर नसेल तर वूफरचा कागदी शंकू बाहेर येऊन तिथेच थांबतो, मग वास येतो. म्हणून दोन्ही पॅकवर पहारा (व्होल्टेजवर नजर ठेवणारं सर्किट) वेगवेगळा, पण तोडणारा रिले एकच, दोन पोलचा, आणि त्याच्याआधी आउटपुट ग्राउंड करणारा म्यूट रिले पडला पाहिजे. पॅक ५.७ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे २.८५ वर तोडा. एलटी३०४५ च्या ईएन (चालू-बंद करणाऱ्या) पिनेचा १.२४ व्होल्टचा उंबरठा चालू होण्याचा आहे, बंद होण्याचा त्याहून थोडा खाली असतो, म्हणून तिथले दोन रेझिस्टर डेटाशीटमधला बंद होण्याचा आकडा धरून ५.७ साठी निवडा. संरक्षण बोर्ड त्याहून खाली, २.५ व्होल्टला तोडणारा ठेवा, म्हणजे तो फक्त शेवटचा रखवालदार. सेलच्या टोकाशीच, वायर सुरू होण्याआधी, २ अँपिअरचा फ्यूज. हे सेल शॉर्ट झाले तर शंभर अँपिअर सहज ओततात, वायर लाल होऊन वितळेपर्यंत.

चार्जिंगमध्ये दोन चुका नेहमीच्या. पहिली, टीपी४०५६ चा छोटा बोर्ड लोहफॉस्फेट सेलला लावणं. तो ४.२ व्होल्टपर्यंत ढकलतो, या सेलची मर्यादा ३.६५. एकेका सेलसाठी टीपी५००० हा ३.६ वर ठेवून वापरा, दोन सेलांच्या पॅकला ७.२ व्होल्टचा चार्जर आणि सोबत सेल समतोल ठेवणारा बोर्ड. दुसरी चूक जास्त महाग पडते: धन आणि ऋण पॅकचे दोन चार्जर एकाच ५ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालवणं. दोघांची उणे तार एकच. ऋण पॅकचं अधिक टोक आधीच ग्राउंडला, धन पॅकचं उणे टोकही ग्राउंडला. चार्जर जोडताच ऋण पॅक अ‍ॅडाप्टरच्या वायरमधून शॉर्ट होतो. चार्जर एकमेकांपासून अलग हवेत, किंवा रिलेने पॅक मधल्या ग्राउंडपासूनही सुटले पाहिजेत.

गाणं चालू असताना चार्जरच्या दोन्ही तारा रिलेने तुटलेल्या हव्यात. फक्त अधिकची तोडली तर उणे तारेतून तोच पाझरता करंट येतो आणि बॅटरी असून नसल्यासारखी. लॅचिंग रिले वापरा, त्याला फक्त क्षणभराचा धक्का लागतो. पावसाळ्यात बॅटरीचा दुसराही उपयोग आहे: चार्जर काढूनही गाणं चालू राहतं. मे अखेरीस वळवाच्या विजा सुरू झाल्या की चार्जर भिंतीतून काढूनच ठेवावा. रिलेच्या दोन पट्ट्यांमधली जेमतेम मिलिमीटरची फट विजेला अडवत नाही.

आणखी एक दोष बॅटरीवाल्यांनाच भेटतो. डॅक बंद केला, पण यूएसबी बोर्ड लॅपटॉपवर जागाच. आय-टू-एसच्या तारांमधून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून, चिपला चोरवाटेने वीज मिळत राहते. चिप कोमट लागते, पुढच्या वेळी सुरू करताना अडकते. आयसोलेटर असा निवडा की स्वच्छ बाजूची वीज गेली की त्याची आउटपुट मेलेली राहतील, आणि त्याची ती बाजू चिपच्याच ३.३ वर ठेवा.

आता खारा वारा. वरचं सगळं पुण्यात बसूनही सांगता आलं असतं, हे नाही. एलटी३०४५ ची सेट पीन पुन्हा बघा. तिथून फक्त १०० मायक्रोअँपिअर निघतात. डाग देऊन राहिलेल्या फ्लक्सवर मिठाचा दमट थर बसला आणि ग्राउंडकडे ३.३ मेगाओहमची गळती झाली तर १ मायक्रोअँपिअर तिथून जातो, म्हणजे व्होल्टेज एक टक्क्याने खाली. ते चालेल, पण ही गळती स्थिर नसते. ती हवेबरोबर हलते, आणि रेफरन्सवर कमी फ्रिक्वेन्सीचा गोंगाट बनून येते. ‘धुवायची गरज नाही’ असं डबीवर लिहिलेला फ्लक्स आपल्याकडे धुवायचाच. ९९ टक्के आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, दोनदा. पांढुरका थर उरला तर अजून नीट धुतलं गेलेलं नाही. मग बोर्ड ५०-६० अंशांवर तासभर वाळवून अ‍ॅक्रिलिकचा थर द्या, सॉकेट आणि जंपर टेपने झाकून. सेट पिनेभोवती आउटपुटला जोडलेली तांब्याची चौकट बोर्ड आखतानाच ठेवली तर गळतीचा बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

चिपांची पाकिटं जूनआधी उघडून पावसाळ्यात तशीच ठेवू नका. तिसऱ्या दर्जाच्या ओलावा-मर्यादेची चिप ३० अंश आणि ६० टक्के दमटपणात १६८ तास उघडी राहू शकते. आपल्याकडे जुलैत दमटपणा ९० च्या घरात असतो. प्लास्टिकने पाणी पिलं की हॉट एअरखाली आत वाफ होते आणि चिप बारीक फट् करून आतून तडकते. बाहेरून काही दिसत नाही, डॅक मात्र एका कानाने वाजतो. झाकण घट्ट बसणारा डबा आणि निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळी करा.

सेल स्प्रिंगच्या होल्डरमध्ये घालू नका. वर्षभरात स्प्रिंग हिरवट-पांढरी होते, रोध वाढतो, आणि पॅक भरलेला असून पहारेकरी तोडायला लागतो. वेल्डिंग केलेल्या निकेल पट्ट्यांचे पॅक घ्या, किंवा स्क्रूची टोकं असलेले ३२६५०. आरसीए सॉकेट सोन्याचा मुलामा असलेले, रिले सीलबंद. फणसाच्या लाकडाचा डबा सुंदर दिसतो आणि इथे सुतारही मिळतो, पण लाकूड मोबाइलच्या लहरी अडवत नाही. आत अ‍ॅल्युमिनियमचा डबा, तो ऑडिओ ग्राउंडला एकाच जागी जोडलेला. हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा. मुंग्या आणि पाली उबदार बोर्डावर येतात, आणि पालीची विष्ठा दोन पिनांमध्ये पडली की दोष शोधायला आठवडा जातो.

पहिल्यांदा सुरू करताना चिप लावण्याआधी सगळे रेग्युलेटर रिकामे मोजा. मग ऑपअँप लावून आउटपुटचा डीसी मोजा: पाच मिलिव्होल्टच्या आत हवा. मग चिप. अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याआधी धन पॅक मुद्दाम सोडवून बघा, म्यूट रिले आधी पडतो का. पडला नाही तर अजून जोडायची वेळ आलेली नाही. आणि गणपतीनंतर मुंबईला जाऊन मे महिन्यात परत येणार असाल, तर सेल पूर्ण भरून ठेवू नका. अर्धे भरा, फ्यूज काढा, डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाका. पहारेकऱ्याच्या सर्किटला लागणारा मायक्रोअँपिअरांचा घासही आठ महिन्यांत सेलला तळापर्यंत नेऊ शकतो.